शिवारातले शास्त्र : हिंगोली जिल्ह्यातील कृषी सहाय्यकांच्या कामाचा इतिहास

कृषी सहाय्यक हे महाराष्ट्राच्या कृषी खात्याचे गावपातळीवरचे तांत्रिक पद; २०२५ पासून त्याचे नाव ‘सहायक कृषी अधिकारी’ आहे. त्याच्या वर कृषी पर्यवेक्षक (आता ‘उप कृषी अधिकारी’), मंडळ कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी अशी चढती रांग असते. खाली असतात ते थेट शेत आणि शेतकरी. मातीचा नमुना घेणे, बियाण्याची उगवणशक्ती तपासणे, कीड मोजणे, प्रात्यक्षिकाचा प्लॉट आखून देणे, पीक कापणी प्रयोगात उतारा काढणे, अतिवृष्टीनंतर पंचनामा करणे ही त्याची कामे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हे काम मात्र जिल्ह्यापेक्षा कितीतरी जुने आहे. प्रत्येक राजवटीत ते करणाऱ्याचे पदनाम बदलले, वरिष्ठ कार्यालय बदलले, दप्तराची भाषाही बदलली. शेतात उभे राहून मोजायचे आणि मोजलेले लिहून ठेवायचे, हा त्याचा गाभा तेवढा टिकला.

या कामाची सुरुवात परभणीत सापडते. हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात होता. संस्थानाने १९१८ साली परभणीला मुख्य प्रयोग क्षेत्र उभे केले आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत शेतीचे पद्धतशीर प्रयोग सुरू झाले. शेतीचे उच्च शिक्षण मात्र फक्त हैदराबादला मिळे. सरकारी दप्तर उर्दूत, शेतकरी बोलणारा मराठी, आणि या दोहोंच्या मधे प्रयोग क्षेत्रावरचा कनिष्ठ कर्मचारी. नांगरट कधी झाली, पेरणीला ओल किती होती, कोणत्या ओळीत किती झाडे उगवली, बोंडे किती लागली याच्या नोंदी तोच ठेवी. संशोधकाचा निष्कर्ष या नोंदवहीवर उभा राही. नोंद चुकली तर वरचे सारे गणित चुकणार, हे या पेशाचे वास्तव तेव्हापासूनचे आहे.

त्या काळातले सर्वांत महत्त्वाचे पीक होते कापूस. परभणी-नांदेडचा देशी कापूस ‘गावरानी’ नावाने ओळखला जाई. देशी असूनही त्याचा धागा लांब आणि तलम असल्याने गिरण्यांकडून त्याला चांगला भाव मिळत असे. जिनिंगमध्ये किंवा बियाण्यात आखूड धाग्याच्या वाणाची सरकी मिसळली की ही प्रत घसरे. भारतीय मध्यवर्ती कापूस समिती १९२१ साली स्थापन झाली, तेव्हा कापसातील भेसळ ही देशभर काळजीची बाब झालेली होती. गावरानी शुद्ध राखण्यासाठी निवड पद्धतीने वाण काढले गेले. ‘गावरानी ६’ आणि ‘गावरानी १२’ ही त्यांतली गाजलेली नावे. निवड पद्धत ऐकायला सोपी वाटते. हजारो झाडांतून चांगली झाडे हेरायची, प्रत्येक झाडाचा कापूस वेगळ्या पिशवीत वेचायचा, त्याची सरकी वेगळ्या ओळीत लावायची, आणि हे वर्षानुवर्षे न कंटाळता करत राहायचे. झाड हेरणाऱ्या वैज्ञानिकाचे नाव अहवालात येई. पिशव्यांवर चिठ्ठ्या बांधणाऱ्यांचे येत नसे. पण दोन पिशव्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असती तर वाण तयारच झाला नसता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गावपातळीवर ग्रामसेवक आला. शेती, पशुधन, आरोग्य, शिक्षण, सहकार अशा सगळ्या खात्यांचे गावातले काम एकाच माणसाने करावे, अशी ही कल्पना होती. सर्वसाधारण हिशेब होता दहा गावांना एक ग्रामसेवक आणि शंभर गावांचा एक विकास गट. हिंगोली-वसमतच्या पट्ट्यात तेव्हा बारमाही रस्ते थोडेच होते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल सायकलच्या चाकाला बसला की सायकलच खांद्यावर घ्यावी लागे. दहा गावे म्हणजे कागदावर दहा. मृगाच्या पावसानंतर त्यांतली निम्मी तुटलेलीच असत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी परभणीला या विभागातले पहिले कृषी महाविद्यालय निघाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. या बदलांत शेतीचे काम विभागले गेले. विस्ताराचा मोठा भाग जिल्हा परिषदेकडे गेला, मृदसंधारणासारखी कामे राज्याच्या खात्याकडे राहिली. त्यामुळे एकाच बांधावर दोन कार्यालयांची माणसे दोन वेगळ्या वह्या घेऊन येऊ लागली. शेतकऱ्याला विचारायचे कोणाला, हा प्रश्न पुढे साडेतीन दशके तसाच राहिला.

खऱ्या अर्थाने तंत्रज्ञाची गरज गावाला जाणवली ती हायब्रीडच्या काळात. देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण ‘सीएसएच-१’ १९६४ साली प्रसारित झाला. महाराष्ट्रात त्या वेळी वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि अन्नधान्याच्या स्वयंपूर्णतेचा त्यांनी ध्यास घेतला होता. मराठवाड्यात ज्वारी हे खाण्याचे मुख्य धान्य आणि कडबा हा जनावरांचा मुख्य आधार. उंच, उशिरा येणाऱ्या गावरान ज्वारीच्या जागी बुटकी, लवकर निसवणारी, दुप्पट-तिप्पट उतारा देणारी ज्वारी आली. लोकांनी तिला ज्वारी म्हणणेच सोडले. ती फक्त ‘हायब्रीड’ झाली.

हायब्रीडचे बियाणे घरचे ठेवता येत नाही; ते दरवर्षी नव्याने तयार करावे लागते. या बीजोत्पादनाचे तंत्र बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण सहाय्यकाच्या कामाचा कस त्यातच लागे. शेतात मादी वाणाच्या चार ओळी आणि नर वाणाच्या दोन ओळी आलटून पालटून पेरायच्या, चारी बाजूंनी नराच्या ओळी ठेवायच्या. मादी वाणात परागकण तयार होत नाहीत. तिच्या कणसात दाणा भरतो तो नराच्या परागावर. प्लॉटपासून किमान २०० मीटरपर्यंत दुसरी ज्वारी नको, नाहीतर वाऱ्याबरोबर परका पराग येणार. दोन्ही वाण एकाच वेळी फुलोऱ्यात यावेत म्हणून पेरणीच्या तारखांचे गणित जुळवायचे. एक वाण मागे पडताना दिसला तर त्याला पाणी किंवा युरिया देऊन पुढे ओढायचे.

आणि सर्वांत अवघड काम म्हणजे भेसळ काढणे. मादीच्या ओळीत एखादे झाड पराग टाकणारे निघाले तर ते फुलोऱ्याआधी किंवा निदान फुलू लागताच उपटायला हवे. सकाळी दव असतानाच ओळीओळीने फिरायचे, पानाचा रंग, खोडाची जाडी, कणसाचा घाट पाहायचा, कणसावर बोट टिचकावून धूळ उडते का ते बघायचे, आणि वेगळे दिसलेले झाड मुळासकट काढायचे. शेतकऱ्याला वाढलेले ताट उपटणे जिवावर येई. ते समजावून सांगणे आणि त्याच्या डोळ्यांदेखत उपटणे हे तंत्रज्ञाचे काम होते. बियाणे कायदा १९६६ साली झाला, महाराष्ट्रात बीज प्रमाणीकरणाची यंत्रणा १९७० साली अकोल्याला आली, १९७६ साली महाबीजची स्थापना झाली. पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित अशा बियाण्याच्या पायऱ्या लोकांना कळू लागल्या. पिशवीवरच्या लेबलाला जी किंमत आली ती अशा पहाटेच्या फेऱ्यांमुळे. हरितक्रांतीच्या लेखनात वाणांची आणि नेत्यांची नावे येतात. भेसळ काढणाऱ्या हातांचा उल्लेखही तितक्याच ठळकपणे यायला हवा.

हायब्रीडने नव्या अडचणीही आणल्या. उशिरा पेरलेल्या ज्वारीवर खोडमाशी पडे आणि पोंगे वाळत. लवकर तयार होणारे कणीस परतीच्या पावसात सापडले की दाणा बुरशीने काळा पडे. काळ्या ज्वारीची भाकरी कडवट लागे आणि बाजारात भाव पडे. शेतकऱ्याची तक्रार पहिल्यांदा ऐकावी लागे ती वाण देणाऱ्या गावपातळीच्या कर्मचाऱ्याला. पेरणी लवकर उरका, कणीस शारीरिक पक्वतेला येताच कापा, असे उपाय याच देवघेवीतून रुळले. परभणीच्या संशोधनाची दिशाही पुढे या तक्रारींकडे वळली. रब्बीसाठी आलेली ‘परभणी मोती’ मोत्यासारख्या शुभ्र दाण्यासाठी नावाजली गेली. खरीप ज्वारीत दाण्यावरच्या बुरशीला तोंड देणाऱ्या वाणांचा शोध चालू राहिला.

१९७२ हे साल मराठवाड्यात दुष्काळाचे म्हणून लक्षात राहिले आहे. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. विद्यापीठाने गावातल्या तंत्रज्ञाच्या कामाला घरचा आधार दिला. कळमनुरीच्या कर्मचाऱ्याला शंकेचे उत्तर शोधायला आता हैदराबाद किंवा पुण्याकडे पाहायची गरज उरली नाही. भेंडीवर पडणाऱ्या पिवळ्या शिरांच्या रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’, नांदेडच्या केंद्राचा ‘एनएचएच-४४’ हा कोरडवाहू संकरित कापूस, ‘एमएयूएस-७१’ आणि त्यानंतरचे सोयाबीन वाण यांनी हिंगोलीच्या शेतांचे रूप पालटले. वर्धापनदिनी, म्हणजे १८ मे रोजी, खरीप मेळावा आणि १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी रब्बी मेळावा भरवण्याची प्रथा पडली. बियाण्यासाठी लागणाऱ्या रांगांत हिंगोलीचे शेतकरी दरवर्षी उभे असतात.

तंत्रज्ञ घडवण्याची वाटही याच यंत्रणेतून निघाली. दहावीनंतर दोन वर्षांचा मराठी माध्यमातला कृषी पदविका अभ्यासक्रम कृषी तंत्र विद्यालयांत शिकवला जाई. शेतकऱ्यांची मुले त्यात येत. त्यांना औत धरता येत असे. विद्यालयात त्यांना द्रावणाची तीव्रता काढणे, हेक्टरी खतमात्रेचे गुंठ्यात रूपांतर करणे, झाडांची संख्या मोजणे, प्लॉटची आखणी करणे हे शिकवले जाई. इंग्रजीची भीती न घालता शेतीचे शास्त्र शिकवणारी ही पदविका मराठवाड्यासारख्या भागाला फार उपयोगी पडली. गावातले बहुतेक कृषी सहाय्यक आणि कृषी सेवा केंद्रांचे अनेक चालक याच वाटेने आले. पुढे भरतीत पदवीधरांचे प्रमाण वाढले. औंढा तालुक्यात गोळेगावला विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय निघाल्यावर जिल्ह्यातच पदवी घेणे शक्य झाले.

१९८० च्या दशकात ‘प्रशिक्षण आणि भेट’ ही पद्धत महाराष्ट्रात आली. जागतिक बँकेच्या पाठबळाने डॅनियल बेनोर यांनी बांधलेली ही पद्धत त्याआधी तुर्कस्तानात आणि राजस्थानात राबवली गेली होती. तिचे सूत्र कडक होते. गावपातळीच्या कर्मचाऱ्याकडे विस्ताराशिवाय दुसरे काम नको. त्याने पंधरवड्याच्या ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गटात जायचे, निवडलेल्या संपर्क शेतकऱ्यांना भेटायचे, आणि ठरलेल्या दिवशी स्वतः प्रशिक्षण घ्यायचे. त्या प्रशिक्षणात विषय विशेषज्ञ पुढच्या पंधरवड्याचे मुद्दे सांगत. साहेब कोणत्या वारी येणार हे गावाला ठाऊक असणे हा या पद्धतीचा मोठा गुण. दोष असा की संपर्क शेतकरी बहुधा बागायतदार आणि वजनदार निघे, आणि कोरडवाहू अल्पभूधारकापर्यंत शिफारस पोहोचेपर्यंत पेरणी उरकलेली असे. सेनगाव-औंढ्याच्या हलक्या, मुरमाड जमिनीवर भारी काळ्या जमिनीची शिफारस जशीच्या तशी चालत नाही, हेही या काळात कर्मचाऱ्यांना पदोपदी दिसले.

१ जुलै १९९८ रोजी राज्याने कृषी खात्याची पुनर्रचना केली. विस्तार, मृदसंधारण आणि फलोत्पादन यांची वेगवेगळी माणसे एका छत्राखाली आणून ‘एक खिडकी’ पद्धत सुरू झाली. प्रत्येक कृषी सहाय्यकाला काही गावांचा सज्जा मिळाला. दहा महिन्यांनी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे या जिल्ह्याने सज्जावार कृषी सहाय्यक आपल्या पहिल्या दिवसापासून पाहिला. बांधबंदिस्ती, फळबाग लागवड, पीक सल्ला, अनुदानाचे अर्ज या साऱ्यांसाठी गावात एकच माणूस विचारता येऊ लागला. महिलांसाठी नोकऱ्यांत जागा राखल्या गेल्यानंतर सज्ज्यावर स्त्रियाही मोठ्या संख्येने आल्या. गावच्या बैठकीत पुढे बसायला बिचकणाऱ्या शेतकरी बायका त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू लागल्या. निंदणी, वेचणी आणि बियाणे राखणे ही कामे बायकांच्याच हाती असल्याने हा बदल शेतीच्या दृष्टीने मोलाचा ठरला.

या काळातली दोन कामे जवळून पाहिली तर पेशाचे स्वरूप उमजते. पहिले माती परीक्षणाचे. नमुना उन्हाळ्यात, पीक निघाल्यावर आणि खत टाकण्याआधी घ्यायचा. जमिनीचा रंग, उतार, खोली पाहून शेताचे भाग पाडायचे. झाडाखालची, बांधालगतची, उकिरड्याजवळची, जनावरे बसतात तिथली जागा टाळायची. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करायचा, आतली माती काढून टाकायची, आणि खड्ड्याच्या एका बाजूचा वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीचा थर खरवडून घ्यायचा. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर लोखंडी खुरपे चालत नाही. लाकडी किंवा प्लास्टिकचे साधन लागते. सगळी माती गोणपाटावर पसरायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहायचे. मग सावलीत वाळवून पिशवीत भरायचे आणि आत-बाहेर चिठ्ठी घालायची. प्रयोगशाळेतले यंत्र कितीही महागडे असले तरी ते तपासते ती या अर्ध्या किलोची माती. फेब्रुवारी २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका योजना आली आणि नमुन्यांची संख्या एकदम वाढली. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त जमिनींत नत्र-स्फुरदाबरोबर जस्त आणि लोहही कमी पडते, हे ज्ञान विद्यापीठाच्या प्रकाशनांतून शेतकऱ्याच्या हातातल्या पत्रिकेपर्यंत आले. उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत बांधावरची मूठभर माती पिशवीत गेली तर ती पत्रिका निरुपयोगी ठरते, आणि हे शेतकऱ्यालाही कळते.

दुसरे काम पीक कापणी प्रयोगाचे. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने लावला जाई. आणेवारी आणि नंतर पैसेवारी ही त्याचीच रूपे. शेतावर यदृच्छ नमुना घेऊन प्रत्यक्ष उतारा मोजण्याची पद्धत भारतात १९४० च्या दशकात आकाराला आली. त्यात पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. शेती खात्यांतल्या कर्मचाऱ्यांना समोर ठेवून त्यांनी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५० च्या दशकात आला आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. पद्धत अशी की गाव, गट आणि शेत यादृच्छिक आकड्यांनी निवडायचे, शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून ठरलेल्या आकड्यांइतके अंतर मोजून खुंटी ठोकायची आणि बहुतेक पिकांसाठी १० मीटर बाय ५ मीटरचा आयत दोरीने आखायचा. आतले पीक कापून, मळून, वजन करून आकडा साक्षीदारांसमोर लिहायचा. आयत जिथे येईल तिथे घ्यावा लागतो; पीक चांगले दिसते म्हणून उजवीकडे किंवा वाईट दिसते म्हणून डावीकडे सरकता येत नाही. ही शिस्त म्हणजे या पद्धतीचा प्राण आहे.

या प्रयोगांचे महत्त्व पीक विम्यामुळे फार वाढले. १९९९-२००० च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजना आली. महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाखाली गेले की भरपाई मिळते, आणि ती सरासरी निघते या आयतांतून. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवर आधारली गेली. एका आयतातल्या सोयाबीनच्या वजनावर मंडळातल्या शेकडो कुटुंबांचा हिशेब ठरतो. काट्याभोवती गावकरी, विमा कंपनीचा प्रतिनिधी आणि महसूलचा माणूस उभे असताना खरा आकडा लिहिणे याला तांत्रिक कौशल्याइतकेच धैर्य लागते.

२००० नंतर हिंगोलीत सोयाबीनने ज्वारी आणि कापसाची जागा झपाट्याने घेतली. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ. मळणीयंत्राचा वेग जास्त झाला, पोत्यांची थप्पी उंच लागली किंवा काढणीच्या वेळी पाऊस आला की उगवण घसरते. म्हणून मे महिन्यात गावोगाव उगवणशक्तीच्या चाचण्या होतात. शंभर दाणे ओल्या गोणपाटात किंवा वर्तमानपत्राच्या ओल्या घड्यांत ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि आठवड्याने उघडून निरोगी कोंब मोजायचे. ७० किंवा अधिक उगवले तर शिफारशीचे बियाणे. त्याहून कमी असतील तर त्या प्रमाणात वाढवून पेरायचे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे सांगणे दरवर्षीचेच. घरच्या बियाण्याच्या या साध्या चाचणीने दुबार पेरणीचे संकट अनेकदा टळते. सहाय्यकाच्या साऱ्या कामांत कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त फायदा देणारे काम कदाचित हेच असावे.

२००८ साली विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळीचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प, म्हणजे क्रॉपसॅप, सुरू झाला. ठरावीक शेतांत ठरावीक दिवशी जाऊन अळ्या मोजायच्या, कामगंध सापळ्यातले पतंग मोजायचे, आकडे संगणकावर भरायचे. विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ त्यावरून सल्ला देणार. कपाशीत सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ गुलाबी बोंडअळीचे पतंग सापडले तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे मानतात. फवारणी कधी करायची यापेक्षा ती कधी करायची नाही हे शेतकऱ्याला आकड्याने पटवून देणे हा या प्रकल्पाचा खरा लाभ. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी उद्ध्वस्त केली आणि शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे बळी गेले. तेव्हा मोजून फवारण्याची ही शिकवण किती निकडीची होती ते सर्वांना दिसले.

जिल्ह्याच्या शेतीला दिशा देणारे दुसरे केंद्र कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला आहे. संत नामदेव सेवाभावी संस्थेचे हे कृषी विज्ञान केंद्र. शेतावरील चाचण्या आणि आद्यरेषा प्रात्यक्षिके हे त्याचे मुख्य काम. विद्यापीठाची शिफारस हिंगोलीच्या जमिनीत, इथल्या शेतकऱ्याच्या हातून आणि इथल्या पावसावर कशी उतरते ते तिथे पाहिले जाते. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प जिल्ह्यातल्या निवडक गावांत आला. त्याच्या शेतीशाळांनी रुंद वरंबा सरी पद्धतीला बळ दिले. कमी पावसात वरंब्यात ओल राहते आणि जास्त पावसात सरीतून पाणी निघून जाते. हिंगोलीत दोन्ही संकटे एकाच हंगामात येतात, म्हणून ही पद्धत इथे रुजली.

या सगळ्याच्या जोडीला लिखापढी वाढत गेली. ठिबकचे अर्ज, अनुदानाच्या याद्या, शेततळ्यांचे जिओ-टॅग फोटो, शेतकरी ओळख क्रमांक, आणि अतिवृष्टी झाली की पंचनामे. ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाले तर मदत मिळते. ते ३३ की ३० हे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक यांनी मिळून शेतात ठरवायचे. २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाडा पाण्याखाली गेला तेव्हा ही माणसे आठवडेच्या आठवडे चिखलात होती. संगणकीय कामाची साधने आणि मदतनीस मिळावेत, पदनाम बदलावे, या मागण्यांसाठी कृषी सहाय्यकांनी त्याच वर्षी राज्यभर आंदोलन केले. शासनाने पदाचे नाव ‘सहायक कृषी अधिकारी’ केले, पर्यवेक्षकाचे ‘उप कृषी अधिकारी’. पदनामाची मागणी रास्तच होती. मात्र माती, बियाणे आणि कीड यांच्यासाठी राखलेला वेळ अर्ज भरण्यात जातो, ही खंत त्या मागण्यांच्या मुळाशी होती, आणि तिचे निराकरण नावाने होत नाही.

जिल्ह्याच्या कृषी इतिहासातला सर्वांत ताजा भाग हळदीचा. पूर्णा प्रकल्पाच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचे पाणी कालव्यांनी वसमतच्या भारी काळ्या जमिनीत आले, तेव्हा आधी ऊस आणि केळी वाढली. त्यानंतर हळदीने जोर धरला. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारांत आता सीझनला हळदीच्या पोत्यांची रास लागते. २०२४ साली ‘वसमत हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. हळदीच्या तंत्रज्ञाचे काम ज्वारीच्या तंत्रज्ञापेक्षा वेगळे आहे. लागवड अक्षय तृतीयेच्या सुमारास सुरू होते आणि पीक शेतात आठ-नऊ महिने राहते. सरीऐवजी गादीवाफ्यावर ठिबक, निवडक मातृकंदांची बेणेप्रक्रिया, ऑगस्टपासून कंदमाशीवर लक्ष, पानांवर करपा, पाणी साचले तर कंदकूज. काढणीनंतर हळद शिजवण्याची पारंपरिक काहील होती. तिची जागा वाफेच्या कुकरांनी घेतली. हळद कमी शिजली तर आत कच्ची राहते, जास्त शिजली तर रंग जातो. काडी टोचून ती सहज आरपार गेली की शिजली, ही जुनी परीक्षा आजही तंत्रज्ञ शिकवतात, आणि त्याच्या जोडीला प्रयोगशाळेत कुरकुमिनचे प्रमाण काढतात. हेक्टरी सुमारे २५ क्विंटल बेणे लागते, आणि तो खर्च लागवडीतला सर्वांत मोठा. म्हणून एक-एक डोळा असलेले कंदाचे तुकडे ट्रेमध्ये कोकोपीटवर लावून रोपे तयार करण्याचे तंत्र पुढे आले आहे. प्रत्येक तुकड्याला बुरशीनाशकाची प्रक्रिया द्यायची, डोळा वरच्या बाजूला राहील असा ठेवायचा, सावलीच्या जाळीखाली फुटव्याची नोंद करायची आणि न फुटलेले तुकडे मोजून टक्केवारी काढायची, असे हे काम चालते.